राजांगणाचे जुने घर: मूळ वास्तूला धक्का न लावता वाढवायचे कसे?

अंत्रुजवासी

फोंडा तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित घराची दुरुस्ती करून त्याला थोडी जोड द्यावी, असा विचार घरात बरेच दिवस चालू आहे. निर्णय घेण्यापूर्वी अशा कामाचा अनुभव असलेल्यांचे मत घ्यावे, म्हणून हा धागा काढत आहे.

घर चौकोनी आहे. मध्ये राजांगण, म्हणजे आतला उघडा चौक, त्यात तुळशीवृंदावन आणि चारी बाजूंनी लाकडी खांबांवर उतरलेली पडवी. पुढे वसरी (ओसरी) असून तिथे दोन्ही बाजूंना बांधीव सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, आहेत. राजांगणाच्या एका बाजूला देवघर आणि त्याला लागून, चवथीला गणपती पुजतात ते मोठे दालन. मागच्या अंगाला स्वयंपाकघर आणि कोठार. न्हाणीघर आणि शौचालय परसदारी, घरापासून सुटे. भिंती जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या, मातीच्या दर्जांत बांधलेल्या आणि जवळजवळ ५० सेंटीमीटर जाडीच्या आहेत. बाहेरच्या अंगाने पूर्वी चुन्याचा गिलावा होता. तो काढून १९८० च्या दशकात सिमेंटचा केला. छप्पर मंगळुरी कौलांचे, तुळया किंदळ आणि सागाच्या, वासे माडाचे.

अडचण अशी की आई-बाबांनी सत्तरी ओलांडली आहे, आईचे गुडघे दुखतात आणि पावसाळ्यात रात्री परसदारी जाणे तिला शक्य होत नाही. माझे आणि धाकट्या भावाचे कुटुंब आता कायम गावीच राहणार आहे. आम्हाला तळमजल्यावर न्हाणीघरासह दोन खोल्या आणि वावरायला सोयीचे स्वयंपाकघर हवे आहे. चवथीला काका, आत्या, चुलत भावंडे असे सगळे मूळ घरी जमतात, तेव्हा चाळीस माणसांची पंगत बसते. ती बसण्याची जागा कमी होता कामा नये.

एका अभियंत्याने सुचवले आहे की मागचा भाग पाडून तिथे दुमजली स्लॅबचे बांधकाम करावे, राजांगणावर पारदर्शक पत्रे घालावेत आणि सगळीकडे चकचकीत फरशी बसवावी. त्यांच्या हिशेबात खोल्या भरपूर मिळतात. मात्र नकाशा पाहून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मलाही तो पटलेला नाही. घर आहे तसे राहावे आणि तरीही आजच्या गरजा भागाव्यात, हे कसे साधता येईल? नवा भाग कुठे घ्यावा, भिंतींच्या ओलीचे काय करावे आणि परवानग्या कोणत्या लागतात, याविषयी कृपया सविस्तर लिहावे.

नकाशाघर

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात काम करते आणि गोव्यातल्या जुन्या घरांची काही कामे माझ्या हातून झाली आहेत. नवा भाग कुठे घ्यायचा, हा प्रश्न माझ्या मते सर्वांत शेवटचा आहे. आधी आहे त्या घराचा मोजून नकाशा करून घ्या. त्यात केवळ खोल्यांची लांबी-रुंदी नको. प्रत्येक भिंतीची जाडी, जोत्याची उंची, छपराचा उतार, प्रत्येक तुळईचे लाकूड आणि तिची अवस्था, पागोळ्यांचे पाणी कुठे पडते आणि कुठून वाहून जाते, हे सारे त्यात यावे. भिंतींना तडे असतील तर त्यांवर आडवी काचेची पातळ पट्टी गिलाव्यात घट्ट बसवून शेजारी तारीख लिहून ठेवा. एक पावसाळा गेल्यावर पट्टी अखंड असेल तर तडा जुना आणि थांबलेला आहे. ती मोडली असेल, तर पाया अजून हलतो आहे आणि त्याचे कारण सापडल्याशिवाय पुढचे कोणतेही काम सुरू करू नये.

त्यानंतर एकच सूत्र धरा, आणि ते शेवटपर्यंत सोडू नका: जे ओले आहे आणि जे जड आहे, ते जुन्या घरात न्यायचे नाही. न्हाणीघर, शौचालय, धुण्याची जागा, स्वयंपाकघरातली मोरी आणि पाण्याची टाकी हे सगळे नव्या भागात घ्या. मातीच्या दर्जांतल्या चिऱ्याच्या भिंतीत नळ गाडला आणि तो झिरपू लागला, तर आतली माती धुपून जाते आणि वर्षानुवर्षे कोणाला कळतही नाही. वजनाचेही तसेच आहे. कौलारू छपराचे वजन लाकडासकट दर चौरस मीटरला साधारण ६० ते ८० किलो भरते. १२ ते १५ सेंटीमीटर जाडीच्या स्लॅबचे ३०० ते ३७५ किलो. जुन्या भिंतीवर स्लॅब टेकवणे म्हणजे तिच्यावर चार-पाच पट भार टाकणे होय, आणि त्या भिंतीचा पाया त्यासाठी घातलेलाच नाही.

जुन्या खोल्या कोरड्या आणि हलक्या ठेवल्या की त्यांत फारसे काही करावेच लागत नाही. त्या निजायला, बसायला आणि पूजेला उत्तम असतात.

आता नवा भाग. तो जुन्या घराला चिकटवू नका. मध्ये दीड-दोन मीटरचे अंतर सोडा आणि एका ठिकाणी अरुंद, छपराच्या वाटेने जोडा. यामागे दिसण्याचा विचार आहेच, पण खरे कारण पाऊस आहे. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. १०० चौरस मीटरच्या छपरावर एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस झाला तर १०,००० लिटर पाणी खाली येते. जुन्या आणि नव्या छपरांचे उतार एकमेकांत मिळवले की मध्ये पन्हळ येते, दोन्हीकडचे पाणी त्या एका पन्हळीत उतरते आणि आंब्या-फणसाची पाने अडकून ती तुंबली की सगळे पाणी आत. मी पाहिलेल्या वाढवलेल्या घरांत जास्तीत जास्त गळती याच सांध्याला आढळली आहे. दोन छपरे स्वतंत्र ठेवून जोडवाटेचे छप्पर दोन्हींच्या पागोळ्यांखाली खाली घेतले, तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

पायाही स्वतंत्र हवा. नवे बांधकाम पहिली काही वर्षे थोडे खाली बसते, जुने बसून गेलेले असते. दोन्ही एकजीव बांधली तर सांध्यावर तडा जाणारच. नव्या पायाचा चर जुन्या पायाशेजारून त्याच्यापेक्षा खोल खणू नका आणि चर उघडा असताना पाऊस येईल अशी वेळ आणू नका.

उंचीबद्दल माझा आग्रह आहे की नव्या भागाचे आढे जुन्या आढ्याच्या खाली राहावे. मंगळुरी कौलांना ३० अंशांच्या आसपास उतार लागतोच. तोच उतार, तेवढीच बाहेर आलेली वळचण आणि उभट खिडक्या ठेवल्या, की साध्या बांधणीचा नवा भागही जुन्या घराच्या कुळातला वाटतो. त्यासाठी जुन्या नक्षीची नक्कल करण्याची गरज नाही. खोटे कोरीव खांब आणि यंत्रावर कापलेल्या झालरी जुन्या कामाशेजारी फार केविलवाण्या दिसतात.

झुआरीकाठ

वरचा सल्ला शास्त्रशुद्ध असेल, पण दुसरी बाजूही मांडली जावी असे वाटते. आमच्या गावात पावसाआधी शाकारणी (कौले परतून बसवण्याचे काम) करणारी माणसे आता मिळत नाहीत. मिळाली तर वेळेवर येत नाहीत. त्यात माकडांचा उपद्रव इतका वाढला आहे की मेमध्ये परतलेली कौले जूनमध्ये पुन्हा फुटलेली असतात. वाळवी लागली की तुळई बदलावी लागते आणि तशा लांबीचे लाकूड मिळणे कठीण. म्हातारी माणसे घरी असताना छपरावर कोणी चढायचे? आमच्या थोरल्या भावाने याच कारणासाठी जुने घर उतरवून स्लॅबचे बांधले आणि त्याच्या मुलांना त्याचा त्रास नाही. वारसा जपावा हे मान्य. पण जपणाऱ्याची ताकद आणि खिसा हेही पाहिले पाहिजे. गावातली कितीतरी सुंदर घरे देखभाल न झाल्याने कोसळत आहेत आणि कोसळलेल्या घरापेक्षा माणसे राहती असलेले साधे घर बरे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वसरी

झुआरीकाठ, तुमची अडचण खरी आहे. आम्ही डिचोली तालुक्यात अशाच घरात राहतो, म्हणून माकडांचा त्रास मला सांगायला नको. त्यावर आमच्याकडे जो उपाय केला तो लिहिते. वाशांवर आधी गंजरोधक रंगीत पत्रे, त्यांवर उभ्या पट्ट्या, त्यांवर आडव्या रिपा आणि मग जुनीच कौले परत बसवली. कौल फुटले तरी पाणी पत्र्यावरून निसटून बाहेर जाते आणि दुरुस्ती सवडीने करता येते. पत्रा आणि कौल यांच्यामध्ये हवा खेळती राहील इतकी पोकळी मात्र सोडावीच लागते; नाहीतर उन्हाळ्यात खोली तापते आणि पावसाळ्यात रिपा कुजतात. आतून पत्रा दिसू नये म्हणून मुख्य दालनात पातळ फळ्यांची तक्तपोशी घेतली. पूर्वी काचेची चार कौले होती, त्या ठिकाणी पत्र्यातही पारदर्शक तुकडे घातले, त्यामुळे देवघरातला सकाळचा उजेड कमी झाला नाही. खर्च झाला, पण शाकारणीची दर वर्षीची धावपळ संपली.

अंत्रुजवासी, राजांगणाबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. त्यावर पारदर्शक पत्रे घालू नका. राजांगण उघडे असते म्हणून घरातली गरम हवा वर निघून जाते आणि सभोवतालच्या खोल्यांतून वारा आत ओढला जातो. आमच्या शेजारच्या घरी ते झाकल्यानंतर एप्रिल-मेमध्ये दुपारी पडवीत बसवत नाही, पत्र्याखाली वाफ कोंडते आणि तुळस तर दोनदा वाळली. शिवाय त्या पत्र्याचा आधार जुन्याच वाशांवर येतो आणि पत्रा जिथे कौलांना भिडतो तिथे गळती सुरू होते.

पाऊस आत येतो ही तक्रार असते; ती मुळात झडीची असते. पडवीची वळचण हातभर पुढे वाढवून, त्या बाजूला पावसापुरते गुंडाळून वर घेता येतील असे वेताचे किंवा जाड कापडाचे पडदे लावले की काम भागते. पूर्वी याच जागी माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधत. राजांगणातले पाणी जाण्याची मोरी जरूर तपासा. आमच्याकडे ती जुन्या काळी घडीव दगडाची होती आणि कधीतरी कोणीतरी सिमेंटने बुजवली होती. ती उघडून साफ केली आणि तोंडाशी जाळी बसवली, त्यानंतर पडवीच्या खांबांच्या बुडाशी पाणी साचणे बंद झाले.

आईंसाठी दोन गोष्टी सुचवते. राजांगणात उतरण्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तिथे खरबरीत घडवलेला चिरा ठेवा आणि एका बाजूला हाताला धरायला लाकडी कठडा द्या. जुन्या घरात खोलीखोलीला उंबरा असतो. देवघराचा आणि मुख्य दाराचा तसाच ठेवून बाकीच्या उंबऱ्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी उतार जोडता येतो, म्हणजे पाय अडखळत नाही आणि पुढे गरज पडल्यास चाकांची खुर्चीही जाते.

आणि माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळे टांगून बांधतात त्या चौकटीचा, विचार विसरू नका. आमच्याकडे दुरुस्तीच्या वेळी मेस्त (कारागीर) तक्तपोशी सलग करायला निघाले होते. गणपतीच्या वर माटोळीची चौकट ज्या कड्यांना बांधतात, त्या कड्या तुळईला आहेत, हे सासूबाईंनी त्यांना दाखवून दिले. मग फळ्यांत तेवढ्या खाचा ठेवल्या. आंबाडे, सुपाऱ्यांचे घोस, नारळ, तोरिंग, रानातली फळे यांचा भार पाहता ती कडी फळीत बसवून चालणार नव्हते.

चिरेबंदी

माझ्या घराण्यात गवंडीकाम तीन पिढ्यांचे आहे, त्यामुळे भिंतींविषयी लिहितो.

चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी शोषतो आणि उघडा असला की ते परत सोडतो. चुन्याचा गिलावाही तसाच, म्हणून दोघांचे जमते. सिमेंटचा गिलावा मात्र ताठ आणि घट्ट. भिंत थोडी हलली की त्याला केसासारखे तडे जातात, तड्यांतून पाणी आत शिरते आणि बाहेर यायला वाट नसते. मग ते आतल्या बाजूने उतरते. खोलीत कंबरेएवढ्या उंचीवर रंग फुगतो, पांढरा लोणा दिसतो, गिलावा हाताने खरवडला तर भुगा पडतो. त्यावर लोक ओल थांबवणारा रंग मारतात. ओल थांबत नाही, आणखी वर चढते.

उपायाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी घराबाहेरचे पाहा. वर्षानुवर्षे अंगणात माती टाकून अंगण जोत्याच्या बरोबरीला आलेले असते. ती माती काढून जोते पुन्हा उघडे करा. पागोळ्यांखाली चिऱ्यांची किंवा खडीची गटारे काढून पाणी घरापासून दूर उताराला लावा. वसरीभोवती काँक्रीट ओतून बंद करू नका, कारण जमिनीतली वाफ मग भिंतीतूनच वाट काढते. एवढ्यानेच निम्मी ओल कमी होते असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर पाऊस संपल्यावर बाहेरचा सिमेंट गिलावा उतरवा. यंत्राचा हातोडा वापरू देऊ नका. हातछिन्नीने, वरून खाली, हात-दीड हाताच्या पट्ट्यांत काढावा, म्हणजे चिऱ्याचे तोंड उडत नाही. काढल्याबरोबर नवा गिलावा चढवण्याची घाई करू नका. ओल मुरलेली भिंत वाळायला २५ मिलीमीटर जाडीला साधारण एक महिना धरतात. तुमची भिंत ५० सेंटीमीटरची आहे. दोन्ही अंगांनी उघडी राहिली तरी तिला एक अख्खा कोरडा हंगाम द्यावाच. दर्जांतली माती पोकळ झाली असेल तर ती खरवडून तिथे चुन्याचा मसाला भरा.

चुना पिशवीतून काढून लगेच कालवू नये. तो पाण्यात निदान तीन-चार आठवडे मुरू द्यावा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. पूर्वी आपल्याकडे शिंपल्या भाजून चुना करत. आता तयार चुना आणावा लागतो. एक भाग चुना आणि तीन भाग धुतलेली, खारटपणा नसलेली वाळू घेऊन पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर उन्हापासून झाकून दमट ठेवावा, कारण चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन हळूहळू कडक होतो आणि घाईने वाळला तर त्याची भुकटी होते. वर चुन्याचाच हात द्यावा. त्यात खनिज रंग मिसळला की पिवळा, गेरूचा तांबडा किंवा निळा हवा तसा मिळतो. प्लॅस्टिक रंग नको, नाहीतर सगळी मेहनत फुकट जाईल.

लाकडाबद्दल थोडे. तुळईची भिंतीत शिरलेली टोके आधी कुजतात, मधला भाग बहुधा ठणठणीत असतो. टोचा मारून पाहा. टोक गेले असेल तर पूर्ण तुळई फेकण्याऐवजी कुजका भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा तिरका सांधा जोडतात आणि दोन्ही अंगांनी पोलादी पट्ट्या बोल्टने आवळतात. भिंतीत टोकाभोवती हवेला जागा ठेवावी. काजूच्या टरफलाचे तेल आपल्याकडे लाकडाला पूर्वापार लावत आले आहेत, भिंतीत जाणाऱ्या भागाला ते आजही लावावे. लावताना हातमोजे घालावेत, ते कातडी भाजते.

मांडवीतीर

परवानग्यांविषयी थोडक्यात. गावात बांधकाम परवाना पंचायत देते, पण त्याआधी नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी लागते. गोव्यात बांधकामाचे नियम २०१० च्या जमीन विकास आणि इमारत बांधकाम विनियमांत आहेत. हद्दीपासून किती अंतर सोडायचे आणि किती क्षेत्र बांधता येते, हे त्यांतून आणि तुमच्या जमिनीच्या क्षेत्रवर्गावरून ठरते. रिजनल प्लॅन २०२१ मध्ये, म्हणजे गोव्याच्या प्रादेशिक आराखड्यात, परसदार वसाहत क्षेत्रात दाखवले आहे की बागायतीत, हे आधी पाहा. एकच सर्व्हे क्रमांक दोन्हींत विभागलेला मी पाहिला आहे. जमिनीचा बिगरशेती वापर करण्यासाठी १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली सनद लागते का, हेही विचारून घ्या.

एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, कोणाकोणाची नावे आहेत? जुन्या घरांच्या बाबतीत खरी गाठ इथेच असते. आजोबांच्या नावावर असलेली मालमत्ता असेल तर सर्व वारसांची संमती हवी, आणि गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जात असल्याने विवाहित आत्यांच्या यजमानांच्या सह्याही बहुधा मागितल्या जातात. वाटणी झालेली नसेल तर २०१२ च्या वारसा आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली ती करून घेता येते. मोठा खर्च करण्यापूर्वी निदान सर्वांचे लेखी ना-हरकत पत्र घ्या. सर्व्हे नकाशावर घराची आकृती दाखवलेली असेल तर त्याची प्रत काढून ठेवा, घर जुने आहे याचा तो चांगला पुरावा असतो. आणि घर नदी किंवा खाडीजवळ असेल तर किनारी क्षेत्राची परवानगी वेगळी.

अंत्रुजवासी

सर्वांचे मनापासून आभार. नदी लांब आहे, ती चिंता नाही. उताऱ्यावर आजोबा आणि त्यांच्या भावाचे नाव आहे. काकांशी बोलणे झाले, त्यांची हरकत नाही. त्यांची अपेक्षा एवढीच की चवथीचे दालन आणि देवघर यांना कोणी हात लावू नये. आत्यांना प्रत्यक्ष भेटून सांगणार आहे.

झुआरीकाठ यांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण भाऊही तेच म्हणतो. पत्र्यावर कौले हा मार्ग त्याला पटला आहे.

नव्या भागासाठी उत्तरेकडचे परसदार मोकळे आहे. तिथे विहीर आहे आणि एक जुना फणस. तो कापायचा नाही, असे बाबांनी सांगितले आहे. दोन खोल्या, दोन न्हाणीघरे आणि स्वयंपाकघर त्या जागेत बसेल का? आणि जुने स्वयंपाकघर रिकामे झाले तर त्याचे काय करावे? दोन खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने आहेत, त्यांतली काही फुटली आहेत. ती बदलायला नव्या शिंपल्या कुठे मिळतील?

नकाशाघर

फणस राहू द्या. नवा भाग त्याला वळसा घालून काटकोनात घेतला तर झाड, जुन्या घराची मागची भिंत आणि नव्या दोन भुजा यांच्यामध्ये आपोआप एक लहान उघडे अंगण तयार होते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया मूळचे गोव्याचे. त्यांच्या कामात आकाशाखालच्या उघड्या जागेला खोलीइतकेच महत्त्व असे, आणि त्यांनी रचलेली पणजीची मांडवीकाठची कला अकादमी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते लगेच कळेल. इथे त्या अंगणामुळे दोन्ही खोल्यांना दोन बाजूंनी वारा मिळेल आणि जुन्या घराची मागची भिंत उघडी राहून वाळत राहील. मुळांसाठी खोडाभोवती निदान तीन मीटर खणू नका. त्या बाजूला सलग पायाऐवजी सुटे खांब घ्या.

विहिरीकडे मात्र फार लक्ष द्या. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर हवा आणि जमिनीच्या उताराने विहिरीच्या खालच्या अंगाला हवा. चिऱ्याच्या कातळातून सांडपाणी भेगांवाटे झपाट्याने जाते, त्यामुळे जागा असेल तर अंतर आणखी वाढवा. न्हाणीघरांची जागा विहीर आणि खड्डा यांच्यावरून ठरू द्या, खोल्या त्यांच्यामागे येतील. सगळे ओले काम एकाच रांगेत आले तर नळही कमी लागतात.

आई-बाबांची खोली जोडवाटेच्या तोंडाशीच ठेवा आणि नव्या भागाचे जोते जुन्या जोत्याच्या पातळीला आणा, म्हणजे देवघरापर्यंत एकही पायरी चढावी लागणार नाही. जोडवाटेसाठी जुन्या भिंतीला नवे भगदाड पाडू नका. स्वयंपाकघराचे परसदारी उघडणारे दार आहेच, तेच वापरा.

जुने स्वयंपाकघर पंगतीचे करा. चूल होती तिथली धुराने काळी झालेली लाकडे घासून पांढरी करू नयेत. धुराने ती किडीपासून वाचलेली असतात. कोठार मात्र कोठारच राहू द्या, पावसाळ्याच्या पुरुमेंताला (साठवणीच्या जिनसांना) कोरडी, अंधारी जागा लागतेच.

शिंपल्यांविषयी: खिडक्यांची ही शिंपली आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. नव्या शिंपल्या काढणे किंवा काढून घेणे बेकायदा ठरेल. आहेत त्या तावदानांतून चांगली निवडून एका खिडकीत एकत्र करा आणि दुसऱ्या खिडकीला त्याच मापाच्या लाकडी चौकटीत दुधी काच बसवा. वेळ मिळाल्यास पर्वरीजवळ तोर्डा इथले गोव्याच्या घरांविषयीचे संग्रहालय आई-बाबांना घेऊन पाहून या. जुन्या खिडक्या, कठडे आणि दारे तिथे जवळून पाहता येतात, आणि मेस्तांना कोणते काम हवे ते दाखवायला उपयोग होतो.

झुआरीकाठ

पत्र्यावर कौले बसवण्याची पद्धत मला माहीत नव्हती. तसे असेल तर माझा मुख्य आक्षेप राहत नाही. खर्चाचे मात्र नीट पाहा. सगळे एकदम काढू नका, नाहीतर छप्पर उघडे आणि पैसे संपलेले अशी वेळ येते.

चिरेबंदी

अगदी बरोबर, आणि म्हणून क्रम सांगून ठेवतो. पहिल्या हंगामात फक्त जुन्या घराचे छप्पर, गटारे आणि बाहेरचा गिलावा उतरवणे. छपराचे काम दसऱ्यानंतर पाऊस पूर्ण ओसरला की धरा आणि एका वेळी छपराची एकच पाख (उतरती बाजू) उघडा. त्याच हंगामात नव्या भागाचे चिरे विकत घेऊन परसदारी रचून ठेवा. खाणीतून निघालेला चिरा मऊ असतो, हवेत राहून कडक होतो. एक पावसाळा बाहेर काढलेला चिरा हातात घेतला की कोणता टिकेल आणि कोणता भुगा होईल ते दिसतेच. पिवळट मातीचे डाग असलेले बाजूला काढून कुंपणाला वापरा.

दुसऱ्या हंगामात नवा भाग बांधा आणि आई-बाबांना तिथे हलवा. घर रिकामे झाल्यावर आतला गिलावा, लाकूडकाम आणि जमीन हे सगळे तिसऱ्या हंगामात करा, तोपर्यंत भिंतीही वाळलेल्या असतील. गणपतीचे दालन दर वर्षी चवथीपूर्वी मोकळे करून देण्याची अट मेस्तांना कामाच्या कागदावरच लिहून द्या.

अंत्रुजवासी

क्रम लिहून घेतला आहे. मोजणीसाठी पुढच्या आठवड्यात माणसे येणार आहेत आणि वसरीच्या कोपऱ्यातल्या तड्यावर काचेची पट्टी उद्याच लावतो. चुन्याचे काम जाणणारे मेस्त फोंडा किंवा डिचोली भागात कोणाच्या माहितीत असतील तर कृपया निरोप पाठवावा.